कांदा थांबला की टॉवेलही थांबतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात शेजारी देशांशी होणाऱ्या व्यापारावर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. त्यात परिषदा होत्या, करार होते, कोणी कोणाशी हात मिळवला तेही होते. पण कार्टनमध्ये भरलेला माल कारखान्याच्या दारातून निघून परक्या गावच्या दुकानात कसा पोचतो आणि मध्ये कुठे अडतो, याबद्दल एक ओळही नव्हती. ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबले आहे. शक्य असेल तर कापू नका.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी निर्यातीचे कागद करते. यंदा तेवीस वर्षे झाली. कारखाना लहान आहे, चोवीस माग, स्वतःचे शिवण आणि पॅकिंग, रंगाईचे काम बाहेरून. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बँकेची कागदपत्रे हे सगळे माझ्या टेबलावरून जाते. वडील गिरणीत साचेवाले होते, आई विड्या वळायची. साखर पेठेतल्या आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या काकूंशी कानडी. कारखान्यात मला सगळे अक्का म्हणतात. निर्यातीवर बोलायला मी अर्थतज्ज्ञ नाही, पण महिन्याला जेवढी बिले माझ्या हाताखालून जातात तेवढ्यावर बोलायचा मला हक्क आहे असे मी मानते.

आमचा एक गिऱ्हाईक कोलंबोचा आहे. तिथल्या पेटा भागात, म्हणजे आपल्याकडच्या टिळक चौकासारख्या घाऊक बाजारात, त्यांचे दुकान. लहान हॉटेलांना आणि गेस्ट हाऊसना चादरी, टॉवेल, पायपुसणी पुरवतात. २०११ मध्ये त्यांची पहिली ऑर्डर आली ती चाळीस कार्टनची. त्यात पांढरे बाथ टॉवेल, थोडे हँड टॉवेल आणि दोन कार्टन निळ्या पट्ट्याचे. कंटेनर भरेल एवढा माल नव्हता. दुसऱ्यांच्या मालाबरोबर आम्ही तो विजापूर, बंगळुरू, मदुराई करत ट्रकने तुतिकोरीनला पाठवला. तिथून कोलंबो हाकेच्या अंतरावर. माल मिळाल्यावर त्यांचा फोन आला. तक्रारच होती. खारट पाण्यात धुऊन धुऊन काठाची शिलाई सुटते, म्हणाले, दुहेरी हेम घाला. आमच्या शिवणखात्यातल्या बायकांनी दुहेरी हेम शिकून घेतले. पुढे दोन वर्षांनी एका मोठ्या परदेशी खरेदीदाराने नमुने मागवले तेव्हा त्याने पहिल्यांदा बोट ठेवले ते त्या हेमवर, आणि ऑर्डर दिली.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते. विकसनशील देशांनी आपसात व्यापार वाढवावा असे सगळेच म्हणतात, पण का वाढवावा याचे खरे कारण मला या चाळीस कार्टनमध्ये दिसते. अमेरिकेचा खरेदीदार एका वेळी कंटेनर मागतो. त्याआधी त्याची माणसे येऊन कारखान्याची पाहणी करतात, शौचालयांपासून आगीच्या बंबापर्यंत सगळे मोजतात. चोवीस मागांच्या कारखान्याला ते एकदम झेपत नाही. शेजारचा गिऱ्हाईक चाळीस कार्टन घेतो, फोनवर भांडतो, रंग बदलायला सांगतो, पुढच्या वेळी साठ घेतो. त्याचे हवामान आपल्यासारखे, त्याच्या हॉटेलाचे भाडे आपल्यासारखे, त्याला परवडणारी किंमतही आपल्यासारखीच. तिथे हात बसतो. गावातल्या बाजारात हात बसल्यावर तालुक्याच्या बाजारात जावे तसे हे आहे.

आणि दूरच्या मोठ्या गिऱ्हाइकावरच सगळा भार टाकला तर काय होते तेही आम्ही पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्या आठवड्यात आमच्या एका ऑर्डरवर ‘थांबवा’ असा दोन ओळींचा ईमेल आला. सूत मागाच्या बीमवर चढलेले होते. मालकांनी त्या संध्याकाळी रात्रपाळी बंद केली. दिवसपाळीत जे आठ माग चालू राहिले ते कोलंबो आणि काठमांडूच्या मालावर. आठ मागांवर किती घरे चालतात हे ज्याला कळते त्याला शेजारच्या बाजाराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

मार्च २०२२ मध्ये आमचा माल कोलंबोला उतरला आणि एप्रिलमध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. त्या देशाकडे डॉलरच उरले नव्हते. पेट्रोलच्या रांगा, औषधांचा तुटवडा हे सगळे आपण टीव्हीवर पाहिले. आमचे पैसे अडकले. पण तो माणूस दर शुक्रवारी फोन करायचा. बँकेने काय सांगितले, किती दिवस लागतील, सगळे स्वतःहून सांगायचा. आमच्या मालकांनी व्याज लावले नाही. अकरा महिन्यांनी शेवटचा हप्ता आला. भारत सरकारने त्या काळात श्रीलंकेला चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत केली, त्याचा उल्लेख तो प्रत्येक फोनवर करायचा. तुमच्या देशाने आम्हाला तारले, म्हणायचा. मला अभिमान वाटायचा.

मग ७ डिसेंबर २०२३ उजाडला. त्या दिवशी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केल्याची अधिसूचना निघाली.

माझे दीर मोहोळ तालुक्यात शेती करतात. लाल कांदा नुकता काढलेला होता. आदल्या आठवड्यात सोलापूर बाजार समितीत त्यांना क्विंटलला ३,२०० चा भाव मिळाला होता. बंदीनंतरच्या पहिल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या पावतीत, १,७०० आला. डिसेंबर-जानेवारीत आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची आवक कशी असते हे सोलापूरकराला सांगायला नको. हैदराबाद रोडवर गाड्यांची रांग लागते, आवारात पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्या दिवसांत बंदी आली. दीर घरी आले, पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि जेवले नाहीत. जाऊबाई ताट झाकून बसल्या होत्या.

चार दिवसांनी कोलंबोहून फोन आला. मला वाटले टॉवेलचे काही असेल. तो म्हणाला, मॅडम, कांदा बंद झाला. आमच्याकडे भाव भडकलेत. मग थोडे थांबून त्याने विचारले, टॉवेल पण असा एका रात्रीत बंद होईल का?

मी म्हणाले, नाही हो, टॉवेल कशाला बंद होईल, कांदा खाण्याची वस्तू आहे, देशात टंचाई होईल म्हणून सरकारने केले. तो ‘बरं’ म्हणाला. पण पुढच्या ऑर्डरला त्याने निम्मे कार्टन आमच्याकडून घेतले आणि निम्मे पाकिस्तानातून. पाकिस्तान टॉवेलच्या धंद्यात आपला जुना प्रतिस्पर्धी आहे, त्यांचा श्रीलंकेशी मुक्त व्यापार करारही आहे. मी रागावून विचारले तेव्हा तो म्हणाला, दोन दारे असलेली बरी.

त्याचे चुकले असे मी म्हणू शकले नाही.

कांद्यावर ही पहिली बंदी नव्हती. २९ सप्टेंबर २०१९ ला एक झाली. १४ सप्टेंबर २०२० ला दुसरी, त्या वेळी बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक जागच्या जागी अडकले. आणि २०२३ ची तिसरी. तिच्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने बाहेर विकायचे नाही), आणि बंदी उठल्यावर मे २०२४ पासून पुन्हा ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क. शुल्क पूर्ण निघाले ते १ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात एप्रिल २०२४ मध्ये श्रीलंकेला १० हजार टन कांदा खास बाब म्हणून सोडला. त्याबद्दल तिकडे आभार मानले गेले असतील. पण जो कांदा रोजच्या व्यवहाराने जात होता तो उपकार म्हणून पाठवायची वेळ यावी, याचे मला वाईट वाटले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर सभेत त्या हिंदीतून बोलल्या की, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे. लोक हसले. पण त्याच बोलण्यात त्यांनी एक साधी गोष्ट मागितली होती. असे काही करणार असाल तर आधी कळवा, म्हणजे आम्हाला दुसरीकडून व्यवस्था करता येईल. मला वाटते, दक्षिण आशियातल्या व्यापाराबद्दल इतक्या वर्षांत बोलले गेलेले हे सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे. ते आपण विनोद म्हणून ऐकले. नंतर बांगलादेशने स्वतःच्या कांद्याचे क्षेत्र वाढवायला घेतले, इतर देशांतून आणायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून निघालेले मालवाहू जहाज थेट चितगावला लागले. गेलेले गिऱ्हाईक परत येते, पण पूर्वीच्या भावाने आणि पूर्वीच्या विश्वासाने येत नाही. हे बाजार समितीतल्या कोणत्याही आडत्याला विचारा.

तुमच्या लेखात सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेचा, उल्लेख होता. मुक्त व्यापाराचा त्यांचा करार, ज्याला साफ्टा म्हणतात, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. तरी दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियातल्या आसियान देशांचा पाचव्या हिश्श्याच्या वर जातो. जागतिक बँकेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता की आपल्या भागातला व्यापार २३ अब्ज डॉलरचा आहे, तो ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकतो. त्याच अहवालात असेही होते की भारताला पाकिस्तानपेक्षा ब्राझीलशी व्यापार करणे सुमारे २० टक्क्यांनी स्वस्त पडते. पाकिस्तानचे मी बाजूला ठेवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर २०० टक्के शुल्क लागले, पुढे व्यापारच थांबला. त्यात जवानांच्या रक्ताचा प्रश्न आहे, आमच्या गल्लीतही फौजेत मुले आहेत. त्यावर टॉवेलच्या कारकुनाने बोलू नये. पण नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांच्याशी असा रक्ताचा प्रश्न नाही. तिथे काय अडते?

कागद अडतो. माझ्या टेबलावरची दोन उदाहरणे देते.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार मार्च २००० पासून चालू आहे. सवलत हवी तर माल भारतातच बनल्याचा दाखला लागतो आणि मालाच्या मूल्यात किमान ३५ टक्के भर देशात पडल्याचे दाखवावे लागते. आमचा कापूस विदर्भाचा, सूत तामिळनाडूचे, विणकाम सोलापूरचे. सगळेच इथले, तरी प्रत्येक वेळी खर्चाचा तक्ता भरायचा. तो मी आनंदाने भरते, कारण खोट्या दाखल्यावर तिसऱ्याच देशाचा माल घुसू नये हे मला पटते. पण एकदा दाखल्यावर गावाचे नाव ‘सोलापूर’ असे लिहिले गेले आणि बँकेच्या जुन्या पत्रावर इंग्रजांच्या वेळचे ‘शोलापूर’. एका अक्षरासाठी माल सहा दिवस गोदामात पडला. गोदामाचे भाडे गिऱ्हाइकाने भरले आणि आमच्या बिलातून कापले. ते बरोबरच होते.

दुसरी गोष्ट, रंगीत टॉवेलची. घातक अझो रंग वापरलेले नाहीत याचा आपल्याकडच्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला होता. शेजारच्याच एका देशातल्या बंदरावर तो चालला नाही. नमुना पुन्हा काढला, पुन्हा तपासला, निकाल तोच आला. एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत त्या गिऱ्हाइकाच्या गावातला सण होऊन गेला, ज्यासाठी त्याने माल मागवला होता. शुल्क शून्य केले म्हणून करारावर सही करणाऱ्यांनी पाठ थोपटून घेतली असेल, पण ज्याला एकोणीस दिवस बंदरावर उभे राहावे लागले त्याला शून्य शुल्काने काय मिळाले? शिवाय सीमाशुल्क कमी करायचे आणि सेस, बंदर-विमानतळ कर अशा वेगळ्या नावांनी तेवढेच वसूल करायचे, हेही श्रीलंकेत वर्षानुवर्षे चालत आले आहे. आपल्या बाजूनेही अशा युक्त्या कमी नाहीत.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. जकात नाके आठवा. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सुताची गाडी शहरात येताना नाक्यावर थांबायची. ड्रायव्हर फोन करायचा, अक्का, कागद घेऊन या. मी रिक्षाने जायची. उन्हात उभ्या गाड्या, एका खिडकीवर तीस माणसे, पावती हातात पडेपर्यंत चार तास. तेवढ्यात इकडे माग रिकामा, कामगार बसून. हैदराबादला माल पाठवला की उमरग्याच्या पुढे सीमेवर पुन्हा तेच. जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. जीएसटीच्या इतर गोष्टींवर माझ्या तक्रारी आहेत, त्या दुसऱ्या पत्रात लिहीन. पण हैदराबादची गाडी आता रात्री निघते आणि सकाळी तिथे उतरते. त्याने हैदराबादचे नुकसान झाले नाही आणि सोलापूरचेही झाले नाही.

बांगलादेशच्या सीमेवरच्या पेट्रापोलला मात्र अजून आपले जुने जकात नाके जिवंत आहेत असे समजा. आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर सूत घेऊन तिकडे गेला होता. बनगावच्या पार्किंगमध्ये आठ दिवस. गाडीखाली स्टोव्ह मांडून जेवण करायचे, अंघोळीला पैसे द्यायचे. नंतर पलीकडे बेनापोलला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा, कारण आपली गाडी सरळ ढाक्याला जाऊ शकत नाही. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांच्यात गाड्यांना मोकळी वाट देण्याचा करार जून २०१५ मध्ये थिंफूला झाला. दहा वर्षे उलटून गेली तरी तो ड्रायव्हर पार्किंगमध्येच स्वयंपाक करतो आहे.

माझ्या बोलण्याला विरोध करणारे माझ्याच आसपास आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी लपवणार नाही. बांगलादेशच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांना आपले सूत फार मोठ्या प्रमाणात जाते. तिकडे मागणी वाढली की इथे सूत महागते. सूत किलोमागे दहा रुपयांनी वाढले की टॉवेलवाल्याचे गणित कोसळते, कारण गिऱ्हाइकाला दिलेला भाव बदलता येत नाही. २०२१ मध्ये सूत भडकले तेव्हा सुताची निर्यात थांबवा अशी मागणी करणाऱ्या निवेदनाचा मसुदा आमच्या कारखान्यात मीच टाइप केला होता. तेव्हा मला ते बरोबर वाटले होते. आज मी ते टाइप करताना मालकांना दोन शब्द बोलले असते. कांदेवाला थांबवला म्हणून माझे दीर उपाशी उठले, तसा सूतगिरणीतला कामगारही कोणाचा तरी दीर आहे.

आणि गणवेशाचा प्रश्न. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे किती कारखाने आहेत, किती बाया त्यावर जगतात हे मी बघते. गिरण्या गेल्या, विडीचे काम कमी झाले, त्या बाया शिलाई मशीनवर आल्या. बांगलादेशचा शिवलेला माल २०११ पासून आपल्याकडे शुल्काशिवाय येऊ शकतो, त्याची धास्ती त्यांना वाटते आणि ती खोटी नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने तो माल जमिनीच्या मार्गाने आणायला बंदी केली, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतून येऊ दिला, तेव्हा आमच्या शेजारच्या युनिटमध्ये पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. पण मनात आले, हाही हुकूम तत्काळ लागू झाला. त्याच्या महिनाभर आधी बांगलादेशने आपले सूत जमिनीच्या मार्गाने घ्यायचे बंद केले होते, तेही असेच. दोन्हीकडे ज्यांचा माल वाटेत होता त्यांनी काय करायचे? शिवणाऱ्या बायांना संरक्षण हवे तर ते द्या. किती टक्के, किती वर्षे, हे आधी सांगून द्या. संरक्षणाला माझा विरोध नाही, रात्रीत बदलणाऱ्या हुकमाला आहे. तीन वर्षांचे संरक्षण आहे हे माहीत असेल तर कारखानदार नवी मशीन घेईल. उद्या काय होईल माहीत नसेल तर तो मशीनही घेणार नाही आणि कामगारही कायम करणार नाही.

पैशाचा व्यवहार हा आणखी एक अडथळा. नेपाळशी धंदा मला सर्वांत सोपा वाटतो, कारण काठमांडूचा व्यापारी भारतीय रुपयात पैसे देतो. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० हा दर ठरलेला आहे, दोघांनाही डॉलरकडे बघावे लागत नाही. श्रीलंकेची गोष्ट वर सांगितलीच. माल होता, गिऱ्हाईक होते, देण्याची नियतही होती, फक्त तिसऱ्याच देशाचे चलन नव्हते म्हणून अकरा महिने गेले. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापार रुपयात करायची सोय काढली. चांगली सोय आहे. पण सोलापुरातल्या एका बँक शाखेत मी त्याबद्दल विचारायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने पहिल्यांदाच ऐकले होते. त्याने बिचाऱ्याने दोन फोन केले, मग मला मुंबईचा नंबर दिला. आफ्रिकेतल्या देशांनी जानेवारी २०२२ मध्ये आपापल्या चलनात एकमेकांचे पैसे चुकते करायची यंत्रणा सुरू केली. त्यांच्या मुक्त व्यापार करारावर ५५ पैकी ५४ देशांनी सह्या केल्या आहेत आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. त्यांचाही आपसातला व्यापार १५ टक्क्यांच्या आसपासच आहे, रस्ते आपल्यापेक्षा वाईट आहेत. पण पैशाची वाट आधी मोकळी करावी हे त्यांना सुचले.

दुबईचा अनुभव सांगायचा राहिला. १ मे २०२२ पासून अमिरातीशी करार लागू झाला आणि टॉवेलवरचे ५ टक्के शुल्क शून्य झाले. पहिल्या वर्षीच आमची तिकडची बिले वाढली. तारीख आधी ठरलेली होती, कागद कसा भरायचा हे आधी सांगितले होते, त्यामुळे मी एप्रिलमध्येच गिऱ्हाइकांना कळवू शकले. काही मोठे घडले नाही, फक्त जे सांगितले तसे झाले.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. निर्यात किंवा आयात थांबवायची असेल तर साठ दिवस आधी जाहीर करा, आणि ज्या सौद्याचे पैसे किंवा एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेचे पैशांच्या हमीचे पत्र) आधीच आलेली आहे तो माल जाऊ द्या. टंचाईच्या काळात शेजाऱ्यांसाठी ठराविक कोटा कराराच्या कागदातच लिहून ठेवा, म्हणजे खास बाब म्हणून सोडावा लागणार नाही. आपल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल शेजाऱ्यांनी मानावा आणि त्यांचा आपण. सोलापुरात जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी असा माणूस बसवा, ज्याला रुपयातला व्यवहार आणि दाखल्याचे नियम माहीत आहेत. आपले खासदार-आमदार चादरीच्या प्रदर्शनाला येतात, फीत कापतात, त्यांना मान देऊन विनंती आहे की हे चार मुद्दे दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर ठेवा.

कोलंबोचे गिऱ्हाईक अजून आमच्याकडून माल घेतात, पण निम्माच. गेल्या महिन्यात त्यांनी नवा नमुना मागवला, फिकट हिरवा, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा), काठाला जॅकार्डची नक्षी. त्यांच्या मुलाने आता किनाऱ्यावर स्वतःचे गेस्ट हाऊस काढले आहे, त्यासाठी. शिवणखात्यात तो काल तयार झाला, दुहेरी हेम घालून. मी तो उद्या कुरिअरने पाठवते आहे. सोबतच्या पत्रात भाव लिहिला आहे, आणि तो किती दिवस कायम राहील त्या जागी नव्वद दिवस असे लिहिले आहे. तेवढे माझ्या हातात आहे.

आपली एक वाचक,
निर्यात विभाग, टॉवेल कारखाना,
अक्कलकोट रोड, सोलापूर

(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)